फॉरमॅट मारून द्या न सर

किस्से काही कोणी जमवत नाई, ते आपोआप साचतात. घरातल्या ड्रॉवरमध्ये जुन्या वायरी साचतात न, तसे. कोणत्या मोबाईलची, कोणत्या रेडिओची, कोणाले माहीत नाई, अन् फेकाव्या म्हटलं तर जीव होत नाई. आमच्या शाळेच्या लॅपटॉपचं तसंच झालं. लॅपटॉप एक, किस्से पोतंभर. कोणाच्या लग्नात जेवाले बसलो का पंगतीत कोणीतरी कोपर मारतेच, "रामटेके सर, तुमच्या लॅपटॉपचं काय झालं मग?"

काय होते! माझं डोकं फिरते, दुसरं काय.

आदिलाबादहून गुडीहत्नूरकडे निघालं अन् हायवे सोडून आत वळलं का आमची शाळा येते. सरकारी, मराठी मीडियम. मी तिथं गणित शिकवतो. गणित बरं का, कम्प्युटर नाई. पण एकदा स्टाफरूममधला माऊस बंद पडला होता, मी त्याचा सेल बदलला, अन् त्या दिवसापासून मी इंजिनियर झालो. आता कोणाचा मोबाईल हँग झाला, कोणाच्या घरचा टीव्ही आवाज देत नाई, कोणाच्या जावयाचा प्रिंटर कागद खाते, सगळ्यांची वरात माझ्याकडे. अन् मागणी एकच, "सर, जरा फॉरमॅट मारून द्या न." जसं काही मी खिशात फॉरमॅट घेऊनच फिरतो.

ज्याले माहीत नाई त्याच्यासाठी सांगतो. लॅपटॉप बिघडला, काहीच ऐकेना झाला, का त्याच्यातलं सगळं पुसून टाकायचं अन् ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाकायची. याले आमच्याकडे फॉरमॅट मारणं म्हणतात. मारण्याआधी आतलं सामान बाहेर काढून ठेवायचं असते. एवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात शिरलं असतं, तर माझे अर्धे केस शाबूत राह्यले असते.

स्टाफरूममध्ये आमी चारच जणं बसतो. हेडमास्तर नरसय्या सार, करीमनगरकडचे तेलुगू माणूस. मराठी सगळं समजते, बोलतात हिंदी. मन साफ, अन् नवीन काही शिकायची भारी हौस. दुसरे सोशलचे देशपांडे सर. यांचे पणजोबा निजामाच्या काळात पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे, होते, म्हणून आजही कोणत्याही गोष्टीचा निकाल देशपांडे सरच लावतात. तिसरा मी. अन् चौथ्या सायन्सच्या डोंगरे मॅडम. लॅपटॉपचा जीव वाचवायचा होता तो यांच्यासाठी.

आमच्या दहावीच्या पोरांले मराठीत गाईड मिळत नाई. पुस्तकं मिळतात, पण दुकानात गाईड मागितलं तर तेलुगू घ्या नाई तर इंग्लिश घ्या. कोणाचा मामा सीमेपलीकडून किनवटचं गाईड आणून देते, तर तो सिलॅबस महाराष्ट्राचा. पोरगं बिचारं भलतेच धडे पाठ करून बसते. मॅडमनं हे पाह्यलं अन् स्वतःच नोट्स टाइप कराले लागल्या. वर्षानुवर्षं, शाळा सुटल्यावर, एकेक धडा, आकृत्यांसकट. यंदा मे महिन्यात त्या रिटायर होणार होत्या. त्यांची इच्छा एकच. मार्चच्या परीक्षेच्या आधी या नोट्स वरच्या ऑफिसमार्फत जिल्ह्यातल्या सगळ्या मराठी शाळांत जाव्या. अन् त्या नोट्स होत्या या नाठाळ लॅपटॉपमध्ये.

*

पहिल्यांदा तो बंद पडला तो जानेवारीत. आदिलाबादची थंडी तुमाले माहीतच आहे, सकाळी खिशातून हात काढाले माणूस विचार करते. मॅडमनं बटण दाबलं, काहीच नाई. स्क्रीन काळी. मॅडमचं तोंड उतरलं.

देशपांडे सर उठले, लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला अन् निकाल दिला, थंडगार पडला आहे, याले ऊन दाखवा. मी म्हटलं सर, मशीन आहे ते, पोरगं नाई. पण माझं कोण ऐकते! त्यांनी तो उचलून बाहेर ओट्यावर पोतं टाकून उन्हात ठेवला. थोड्या वेळानं आत आणला, चार्जर लावला, बटण दाबलं, अन् च्यामारी सुरू झाला की हो!

अरे बापा, चार्जरची पिन ढिली होती, उचलता ठेवता ती बसली, एवढंच. मी घसा कोरडा करून सांगितलं. पण स्टाफरूमचं मत पक्कं झालं होतं, रामटेके सरले कम्प्युटर समजते पण अनुभव देशपांडे सरचा. मग रोज सकाळी प्रार्थना झाली का लॅपटॉप उन्हात. एक दिवस मी जरा उशिरा पोचलो. पाहतो तर ओट्यावर लॅपटॉप, अन् त्याच्यावर देशपांडे सरची शाल.

मी नुसतं पाह्यलं त्यांच्याकडे.

"एकदम ऊन लागू नये म्हणून," ते म्हणे.

*

उन्हानं काही लॅपटॉप सुधरत नसते. तो लय हळू झाला, मधातच थांबू लागला, निळी स्क्रीन दाखवू लागला. मी मॅडमले सांगितलं, आता याच्यात राम नाई, आधी नोट्स काढून घेऊ अन् फॉरमॅट मारू. लॅपटॉप उघडला, तर पासवर्ड मागून राह्यला. आदल्या आठवड्यात नरसय्या सारनं सेफ्टीसाठी म्हणून नवीन टाकला होता, अन् सार स्वतः करीमनगरले लग्नात.

फोन लावला. मागं बँड वाजून राह्यला होता. सार म्हणे, सिंपल है जी, मेरी पोती का नाम, स्वाती.

मी टाकलं स्वाती. चुकलं. पहिलं अक्षर मोठं करून टाकलं. चुकलं. सगळी मोठी, सगळी छोटी, मागं एक आकडा लावून. नाई म्हणजे नाई. देशपांडे सर म्हणे, नुसतं नाव काऊन टाकता, समोर कुमारी लावून पाहा, सरकारी लॅपटॉप आहे. मॅडमची आशा एवढी, की त्यांनी कुमारी पण लावून पाह्यलं! मग लॅपटॉपच चिडला अन् म्हणे आता थोडा वेळ हातच लावू नका.

सारले परत फोन. ते पण वैतागले. स्वाती बोले तो स्वातीच, उसमें क्या है! मी इकडून ओरडून राह्यलो, ते तिकडून ओरडून राह्यले, मधात बँड.

शेवटी लग्न आटपून सार आले. खुर्चीवर बसले, चष्मा लावला, एका बोटानं एकेक अक्षर दाबलं. एस. डब्ल्यू. ए. टी. एच. आय. झटकन उघडला.

"सार, मधात एच कायले?" मी विचारलं.

सारनं माझ्याकडे असं पाह्यलं, जसं मी बे एके बे चुकलो. "एच नै डाले तो स्वाटी हो जाता ना जी."

*

उघडला एकदाचा. मी मॅडमले म्हटलं, तुमचं सगळं सामान या पेनड्राइव्हमध्ये घ्या, एकही गोष्ट आत ठेवू नका, मी मारलं का सगळं जाते. मॅडम शिस्तीच्या. पिरियड झाल्या झाल्या बसल्या, अन् तिसऱ्या पिरियडले येऊन म्हणे, झालं सर, सगळं घेतलं, एकेक धडा मोजून घेतला.

मले कौतुक वाटलं. मी फॉरमॅट माराले बसलो पण. पण मी जन्माचा शंकेखोर, म्हटलं एकदा पेनड्राइव्ह उघडून पाहावं. उघडला. धडे सगळे होते. प्रकाशाचं अपवर्तन, मानवी डोळा, आम्ल आणि आम्लारी, एकामागं एक. अन् प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो छोटासा बाण!

धडे नव्हते ते, नुसते शॉर्टकट होते. आत एक अक्षर नाई. अजून एक बटण दाबलं असतं, तर मॅडमची सगळी वर्षं गेली असती.

मी मॅडमले बोलावलं अन् समजावलं, का ही नुसती दारावरची पाटी आहे, घर आतच राह्यलं. त्यांनी चष्मा पुसून पाह्यलं. मले म्हणे पण सर, नाव तर बरोबर आहे.

"नाव बरोबर असून काय करता मॅडम, आत कोणीच नाई!"

"मग आपण पोरांची हजेरी नावावरूनच घेतो न," मॅडम म्हणे.

मी उठलो, माठाजवळ गेलो, दोन गिलास पाणी पिलो, अन् मग सगळे धडे स्वतः कॉपी केले.

*

आता खरं फॉरमॅट. नरसय्या सार माझ्या बाजूले खुर्ची टाकून बसले. मेरेकू भी सिखाओ जी, बोलले. मी म्हटलं बसा. पेनड्राइव्ह कसा लावायचा, चालू करतानी कोणतं बटण दाबत राहायचं, कुठं नेक्स्ट म्हणायचं, सारनं सगळं विचारून घेतलं. मधात एक जागा येते, तिथं लॅपटॉप विचारते, का सगळं मिटेल, चालेल काय? सार घाबरले. मी म्हटलं घाबरायचं नाई, यस दाबायचं. सार खुश झाले. म्हणे सरकारी कामात इतकं सरळ कोणी विचारत नाई.

मग लॅपटॉपनं विचारलं, भाषा कोणती?

मी इंग्लिशवर बोट नेलं, तेवढ्यात देशपांडे सर आडवे आले. म्हणे मराठी शाळा, मराठी लॅपटॉप. सार म्हणे राज्य तेलंगाणा है, तेलुगू डालो, कोई इन्स्पेक्शन को आया तो अच्छा दिखता. मॅडम बिचाऱ्या म्हणे हिंदी टाका, भांडण नको. देशपांडे सरले पणजोबा आठवले, म्हणे आमच्या घरात कागद सगळे उर्दूत होते, पण आमी कधी तक्रार केली काय? अरे कोण विचारून राह्यलं तुमाले! लॅपटॉप आपला तसाच ताटकळत, अन् चौघांची मीटिंग चालू. चहा आला, चहा संपला. शेवटी मी गुपचूप इंग्लिश दाबलं. कोणाच्या ध्यानात पण नाई आलं.

लॅपटॉप सिस्टिम टाकत होता आपली आपली, टक्के वाढून राह्यले होते. मी क्लासवर गेलो. परत आलो तर स्क्रीन काळी. बॅटरी तर त्याची कधीचीच मेली होती, वायरीवरच चालायचा. पाहतो तर चार्जरच्या जागी देशपांडे सरचा मोबाईल.

देशपांडे सर शांतपणे म्हणे, "तो नुसता गोल गोल फिरून राह्यला होता. मले वाटलं काही कामात नाई."

पहिल्यापासून टाका परत. सारले मात्र आनंद झाला. त्यांची रिव्हिजन झाली.

*

लॅपटॉप नवीन नवरदेवासारखा चालू लागला. मी नोट्स परत आत टाकल्या अन् मॅडमले म्हटलं, घ्या, उघडा.

मॅडमनं पहिला धडा उघडला. पानभर इंग्लिश अक्षरं, त्याच्यात मधात डॉलर, टक्का, उलटे कंस. मांजर कीबोर्डवर चालून गेल्यासारखं. दुसरा धडा तसाच. तिसरा तसाच. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मले पण कसंतरीच झालं.

झालं असं होतं, का मॅडमनं जुन्या काळचा एक मराठी फॉन्ट वापरला होता. तो लॅपटॉपमध्ये होता तोवर मराठी दिसायचं. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला, अन् मराठी गेली. अक्षरं सगळी जागेवर होती, नुसती वाचता येत नव्हती.

नरसय्या सार वाकून पाहत होते. त्यांनी मॅडमची समजूत घातली, "रोते कायकू मॅडम? इंग्लिश में हो गया, अच्छाच है. ऊपरवाले पढ लेते."

तो फॉन्ट आता कोणाकडेच नाई. मी आदिलाबादमध्ये कुठं कुठं नाई फिरलो! कम्प्युटरच्या दुकानातली पोरं माझ्याकडे असं पाहात, जसं मी कंदिलाची काच मागून राह्यलो. शेवटी कापूस मार्केटकडं लग्नपत्रिका छापणारा एक म्हातारा प्रेसवाला भेटला. त्याच्याकडे सगळं तसंच होतं. त्यानं फॉन्ट टाकून दिला, नोट्स उघडल्या, मराठी परत आली. मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो. त्यानं फॉन्ट नीट बसला का पाहाले पहिल्या धड्याच्या डोक्यावर हातासरशी एक ओळ टाइप करून पाह्यली, अन् ती पुसाले विसरला. मी पण घाईत होतो, पाह्यलं नाई. मॅडमनं तसेच झेरॉक्स काढून पोरांले वाटले.

प्रीफायनलचे पेपर मॅडम तपासत होत्या. एकाएकी त्यांनी एक पेपर माझ्यासमोर ठेवला. पोरगं हुशार होतं, सगळं पाठ केलं होतं त्यानं. लिहिलं होतं, "आमच्या येथे श्रीकृपेकरून प्रकाशाचे अपवर्तन होते."

मॅडमनं पूर्ण मार्क दिले. म्हणे चूक काय आहे याच्यात?

*

एवढं सगळं झालं, नोट्स जिवंत राह्यल्या. मग आलं वरचं ऑफिस.

मॅडम नोट्स घेऊन गेल्या. तिथल्या क्लार्कनं पानं उलटली अन् म्हणे, मॅडम, ये फॉरमॅट में नै है. आता ऑफिसातलं फॉरमॅट वेगळं. तिकडे फॉरमॅट म्हणजे नमुना. समास किती, अक्षर केवढं, तक्ता कसा, वर काय, खाली काय, ते. मॅडम म्हणे ठीक आहे, द्या तुमचा फॉरमॅट, मी त्याच्यात करून आणते. क्लार्क म्हणे वरून यायचा आहे.

मॅडमनं आपल्या मनानं समास नीट केले, परत गेल्या. फॉरमॅटमध्ये नाई. अक्षर मोठं केलं, परत गेल्या. फॉरमॅटमध्ये नाई. एकदा तर त्यानं फाइल उघडली पण नाई, दुरूनच म्हणे फॉरमॅट में दिखरा नै. मले एवढा राग आला, का मी म्हटलं मी येतो तुमच्यासोबत, पाहतो त्याले. मॅडमनं थांबवलं. फेब्रुवारी संपत आला होता. दुसऱ्या शाळांतली पोरं त्याच किनवटच्या गाईडमधून भलतंच पाठ करत बसली होती, अन् इकडे सगळं तयार पडलं होतं.

त्या दिवशी मॅडम ऑफिसातून आल्या, पर्स टेबलावर ठेवली अन् बसून राह्यल्या. चहा पण घेतला नाई.

"मी मे महिन्यात घरी जाईन सर," त्या म्हणे, "अन् हे इथंच पडून राहील."

देशपांडे सरजवळ पण उपाय नव्हता. नरसय्या सार मात्र खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी मॅडमले विचारलं, वो क्लार्क क्या बोला, बराबर बोलो. मॅडम म्हणे दुसरं काय बोलणार सार, फॉरमॅट नाई म्हणे.

"इतनीच बात?" सार म्हणे. "मैं खुद जातू कल."

आमाले बरं वाटलं. हेडमास्तर स्वतः जाईल तर क्लार्क जरा मान ठेवील, एवढाच आमचा हिशोब.

*

दुसऱ्या दिवशी सार सकाळीच माझ्याकडून पेनड्राइव्ह मागून घेऊन गेले. मोठा पेनड्राइव्ह माझ्याकडे एकच, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम पण त्याच्यातच अन् मॅडमच्या नोट्स पण त्याच्यातच. मी म्हटलं घेऊन जा सार, फोल्डरवर मॅडमचं नाव आहे.

इकडे शाळेचा लॅपटॉप परत रुसला होता. मी वैतागून तो तसाच टेबलावर सोडला अन् दहावीच्या वर्गावर गेलो. त्रिकोणमिती चालली होती, फळा भरला होता, तेवढ्यात सारचा फोन. ते म्हणे, जी वो पूछ रा, सब मिटेगा, चलेगा क्या.

मले वाटलं सार ऑफिसातून लवकर परतले अन् स्टाफरूममध्ये बसून लॅपटॉप दुरुस्त करून राह्यले. शिकायची हौसच तेवढी त्यांले! मी म्हटलं सार, यस दाबा. अन् फळ्याकडं वळलो.

थोड्या वेळानं परत फोन, भाषा पूछ रा. मी म्हटलं इंग्लिश. पोरं हसून राह्यली. मग अजून एक फोन, हो गया जी, मक्खन के जैसा चल रा, अब मॅडम का फोल्डर डालतू. मी म्हटलं शाबास सार, टाका. मनात म्हटलं चला, एक काम कमी झालं.

शाळा सुटायच्या वेळेले सार आले. घामाघूम, पण चेहऱ्यावर समाधान. मॅडमच्या समोर उभे राह्यले अन् म्हणे आपका काम हो गया, मैं खुद बैठके किया. क्लार्कनं सारले पाह्यलं तेव्हा तो मीटिंगले निघाला होता. जाता जाता कम्प्युटरकडे हात करून सांगून गेला होता, का सार, फॉरमॅट करके इसमें डाल दो, मैं आके देखता.

माझी नजर टेबलावर गेली. शाळेचा लॅपटॉप तिथंच होता. सकाळी जसा सोडला होता तसाच, निळी स्क्रीन घेऊन.

मी हळूच विचारलं, का सार, तुमी कोणाचा कम्प्युटर फॉरमॅट केला?

"उनका," सार म्हणे. "बहुत खराब हालत थी जी. कितना तो भी कचरा था अंदर."

देशपांडे सरनं हातातला पेला खाली ठेवला. मॅडमले काही समजलं नाई, त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. ऑफिसचा नंबर. सार म्हणे उचलो उचलो, मैंच आपका नंबर देके आया, बोला, हमारा इंजिनियर है.

मी स्पीकरवर टाकला. क्लार्कच होता. आवाज एकदम खाली बसलेला. म्हणे बाकीचं तर वरून परत मागवून घेईन मी, ते माझं मी पाहतो. पण आज संध्याकाळच्या आत जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांले दहावीचं मटेरियल पाठवायचा हुकूम होता. म्हणे, माझ्या कम्प्युटरमध्ये उघडून पाहतो तर एकच फोल्डर. मग तेच पाठवून दिलं, सगळ्यांले.

"खाली एक पूछना था सार," तो म्हणे. "सब डॉलर, टक्का दिखरा. वो है कौनसी भाषा में?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनं माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"भाषा बाद में बताती भाऊ," त्या म्हणे. "पहले ये बोलो, फॉरमॅट में था ना?"